दुसरा मैल कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यासाठी मी फलकांची भाषांतरं करून देत होते. कंपनी बाहेरच्या देशातली. तिकडून 'व्हॅल्यूज' म्हणून सहा वाक्यं इंग्रजीत आली होती, ती मराठीत करून शॉप फ्लोअरवर पंचिंग मशीनच्या वर लावायची होती. पाच वाक्यं अर्ध्या तासात हातावेगळी झाली. सुरक्षितता आधी, ग्राहकाचा विश्वास, एकमेकांचा आदर, असला सगळा मामला. त्यात भाषांतर करणाऱ्याला घाम फुटत नाही. गाडी अडली ती चौथ्यापाशी. 'वी गो द एक्स्ट्रा माइल.'

'आम्ही एक मैल जास्त चालतो' असं लिहून पाहिलं. चाकणमध्ये ते वाचून कुणीही म्हणालं असतं, चालावंच लागतं, बस हायवेला सोडते. 'आम्ही अपेक्षेपेक्षा अधिक करतो' हे बरोबर होतं, पण त्यात जीव नव्हता. 'एक पाऊल पुढे' हे बँका, क्लासवाले आणि राजकीय पक्ष यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलंय. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये समोर बसलेल्या एका ऑपरेटरलाच अर्थ सांगितला. ठरलेल्या कामापेक्षा जास्त काम, कुणी न सांगता, मनापासून. त्याने चपातीचा तुकडा आमटीत बुडवला, जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे ओटी. मग ओटीच लिहा ना मॅडम."

(आमच्या घरी ओटी म्हणजे खण-नारळ. तिथे ओटी म्हणजे ओव्हरटाइम, डबल रेट.)

मी म्हटलं, नाही, ओटीचे पैसे मिळतात. हे पैशाशिवाय.

"पैशाशिवाय असेल तर बोर्डावर नका लिहू. लेखी झालं की अडचण होते."

त्याचं हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं. नंतर तो वाक्प्रचार कुठून आला हे शोधायला बसले, तेव्हा लक्षात आलं की या गृहस्थाला त्याचा उगम आमच्या एचआरपेक्षा जास्त कळला होता.

हा मैल बायबलातला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की कुणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, कुणी अंगरखा मागितला तर वरचं वस्त्रही दे. त्याच ओघात पुढचं वाक्य येतं, आणि ते मराठी बायबलात वाचताना मी जागच्या जागी थांबले. जो कोणी तुला 'वेठीस धरून' एक कोस नेईल, त्याच्याबरोबर दोन कोस जा. वेठीस धरून! इंग्रजीत ज्या मैलाच्या मागेपुढे कुठे घामाचा वासही उरलेला नाही, तो मराठीत आल्याबरोबर आपल्या खऱ्या नावाने उभा राहिला. (रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, दीड किलोमीटरच्या आसपास. कोस त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे मराठीत येताना वेठ तेवढी लांबली, हेही जाता जाता.)

मूळ ग्रीक क्रियापद 'अंगारेउओ'. शब्द आला इराणी साम्राज्याच्या डाकव्यवस्थेतून. राजाचा हरकारा वाटेत लागेल तो माणूस, लागेल ते जनावर कामाला लावू शकत असे. पुढे रोमनांनी तोच रिवाज उचलला. येशूच्या काळात पॅलेस्टाइनवर रोमची सत्ता होती, आणि रस्त्याने जाणारा शिपाई शेतातून परतणाऱ्या माणसाला थांबवून आपलं ओझं त्याच्या खांद्यावर देऊ शकत होता. हेच क्रियापद बायबलात आणखी एका प्रसंगात येतं. येशूला क्रुसावर चढवायला नेत असताना कुरेनेचा शिमोन नावाचा एक वाटसरू शिपायांच्या हाती लागला आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला गेला. तिथेही मराठी भाषांतरकाराने वेठच म्हटलंय. शिमोनाला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तू 'सेल्फ-मोटिव्हेटेड' आहेस का.

या वेठीबद्दलचा एक फलक खरोखरच सापडलेला आहे. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात सागालासोस नावाचं प्राचीन शहर होतं. तिथल्या एका शिलालेखात रोमन सुभेदाराचा जाहीरनामा कोरलाय, लॅटिनमध्ये आणि ग्रीकमध्ये. काळ बादशहा तिबेरियसचा, म्हणजे येशूच्या हयातीतलाच. सुभेदार म्हणतो की कुणीही फुकट गाड्या वापरू नयेत असा बादशहांचा स्पष्ट कटाक्ष असताना मला पुन्हा हुकूम काढावा लागतो हे अन्यायाचं आहे, पण काही लोकांची बेशिस्त इतकी वाढलीय की इलाज नाही. मग तो यादी देतो. सागालासोसच्या लोकांनी दहा गाड्या आणि तितकीच खेचरं पुरवायची. गाडीला टप्प्यामागे इतकं भाडं, खेचराला इतकं. कोणत्या हुद्द्याच्या माणसाला किती गाड्या मागता येतील, तेही. दोन्ही भाषांत कोरलं, कारण ज्याच्याकडून गाडी घ्यायची त्याला ते वाचता आलं पाहिजे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या साम्राज्यवादी सुभेदाराने फलकावर मर्यादा आणि दर लिहिले. आमच्या चाकणच्या फलकावर दोन्ही नव्हतं.

आता त्या वाक्याचा रोख कुणाकडे आहे ते पाहा. 'दोन कोस जा' हे ओझं वाहणाऱ्याला सांगितलंय. शिपायाला उद्देशून त्यात एक शब्दही नाही. पहिला मैल शिपायाच्या हुकमाने झाला. तो संपल्यावर ओझं खाली न ठेवता पुढे चालायचं की नाही, हे ठरवणारा आता तो माणूस स्वतः आहे. काही अभ्यासक यात प्रतिकारही पाहतात. मैल संपला, तुझा हक्क संपला, आता मी माझ्या मर्जीने चालतोय, आता तू काय करशील? शिपाई गोंधळणार. ज्याच्यावर जुलूम चाललाय त्याने आपली माणुसकी कशी राखावी याचा तो उपदेश आहे. तो कुणाला पटो न पटो, त्याचा अर्थ तरी सरळ आहे. पण हेच वाक्य शिपायाच्या तोंडी घालून पाहा. 'अरे, तुमच्याच ग्रंथात सांगितलंय, दुसरा मैलही चल.' त्या क्षणी दुसरा मैल पहिल्यासारखाच होतो. वेठ दोन मैलांची होते, एवढाच फरक.

वाक्प्रचाराचा पुढचा प्रवास नेमका याच उलट्या दिशेने झाला. अमेरिकेत नेपोलियन हिल या यशाच्या गुरूने १९२८ मध्ये पगारापेक्षा जास्त काम करण्याची सवय हे श्रीमंतीच्या सूत्रांतलं एक सूत्र करून टाकलं. उपदेश अजूनही वाहणाऱ्यालाच होता, फक्त आता स्वर्गाच्या जागी बढती आली. त्यानंतर तो व्यवस्थापनाच्या पुस्तकांत गेला, तिथून कंपन्यांच्या भिंतींवर आणि तिथून अप्रेझलच्या फॉर्मवर. फॉर्मवर आल्यावर तो उपदेश राहिला नाही, तो रकाना झाला. ज्यांनी हा फॉर्म भरलाय त्यांना ठाऊक आहे की एक ते पाच गुणांत तीन म्हणजे 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', अपेक्षेप्रमाणे काम. आणि तीन मिळालेला माणूस केबिनमधून बाहेर येतो तो चेहरा पाडून. ठरलेलं सगळं काम ठरल्या वेळेत करणं ही आपल्याकडे आता शरमेची गोष्ट आहे. वर चार आणि पाच किती जणांना द्यायचे हे बऱ्याच ठिकाणी आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे सगळ्या टीमने मिळून दुसरा मैल चालून काढला तरी फायदा नाही; मग तिसऱ्या मैलाची शर्यत लागते.

वेठ हा शब्द मी इथे सहज वापरत नाहीये, म्हणून आपल्याकडची वेठ काय होती ते थोडं सांगते.

गावगाड्यात सरकारी अंमलदार फिरतीवर आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम गावातल्या ठरावीक लोकांवर असे. आपल्या शिवेपासून त्यांच्या शिवेपर्यंत. तिथे त्या गावचे लोक ओझं उचलत. महार वतनात तर हे सगळं जन्माने गळ्यात पडत असे: सांगावे पोचवा, वाट दाखवा, सारा पोचवा, मुक्कामाची व्यवस्था बघा. बदल्यात इनामाचा जमिनीचा तुकडा आणि गावकीचं बलुतं. १९ मार्च १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्यांची तक्रार फक्त मोबदला तुटपुंजा असण्याची नव्हती. कामाचे तास ठरलेले नाहीत, कामं कोणती हे ठरलेलं नाही, रात्री-अपरात्री बोलावणं येतं, आणि पाळीचा माणूस घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला उचलतात, ही ती तक्रार होती. काम मोजून द्या, दाम मोजून द्या. विधेयक तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मुंबई राज्यात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत वारली कुळांनी आधी मालकाचं शेत लावायचं, मग पाऊस उरला तर आपलं. हीही वेठच. मे १९४५ मध्ये झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांची परिषद भरली आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. 'आमच्या मर्जीविरुद्ध, फुकट राबणार नाही' एवढं साधं वाक्य उच्चारायची ती किंमत होती.

म्हणून हिंजवडीच्या एसी क्यूबिकलमध्ये बसून 'आम्हीही वेठबिगार' असं म्हणणाऱ्यांना मी आधीच हात जोडते. तुमच्या पायात बेडी नाही, तुमच्या बापाला कुणी उचलून नेत नाही, नोटीस पीरियड भरून तुम्ही निघून जाऊ शकता. तुलना करायचीच तर एका मुद्द्यापुरती करावी, आणि तो मुद्दा बाबासाहेबांनी १९२८ मध्ये अचूक पकडला होता. ज्या कामाला कड नाही, वेळेची नाही की व्याप्तीची नाही, ते काम करून घेणाऱ्याच्या मर्जीचं होतं, मग पगार कितीही असो. रात्री साडेदहाला 'जस्ट अ क्विक कॉल' येतो तेव्हा दाम मिळत नाही ही गोष्ट दुय्यम आहे. तो कॉल कधी येणार नाही हे कुठेच लिहिलेलं नाही, खरी गोष्ट ती आहे.

संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्ती भगवतींनी एक फार मोलाची गोष्ट नोंदवली. किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी काम करत असेल तर तीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण पोटाची सक्ती हीही सक्ती आहे. 'त्याने स्वतःहून कबूल केलं' हा बचाव तिथे चालला नाही. मला हा निकाल 'स्वेच्छेने' या शब्दाची चाचणी म्हणून वाचायला आवडतो. कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार आहे आणि फेब्रुवारीत साहेब विचारतात, "रविवारी येशील ना रे?" त्यावर 'हो' म्हणणाऱ्याने स्वेच्छा दाखवली असं मानणारा माणूस कधी कॉन्ट्रॅक्टवर राहिलेला नसतो.

आपल्या भाषेचं मात्र मला नवल वाटतं. वेठ या शब्दाचा जन्म राबणाऱ्याच्या बाजूने झाला. आज तो कुठे सापडतो? बातमीत. 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं.' २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचे कर्मचारी संपावर गेले, तो संप पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, आणि त्या काळात हे वाक्य किती वेळा ऐकलं याला गणती नाही. प्रवाशांचे हाल झाले यात शंका नाही. माझी मावशी मंचरच्या स्टँडवर तासन् तास बसलेली मला आठवते. पण काम करायला नकार देणाऱ्याने काम न करणाऱ्याला वेठीस धरलं, ही वाक्यरचना जरा उलगडून तर पाहा. वेठ म्हणजे सक्तीने करून घेतलेलं काम. मंचरच्या स्टँडवर मावशीकडून कुणी कोणतं काम करून घेतलं? शब्द मालकाच्या घरी कामाला लागला, तोही वेठीलाच. उलट नाक्यावर रोज सकाळी पैसे ठरवूनच गाडीत चढणाऱ्या मजुराला आपण अजून 'बिगारी' म्हणतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई, मग कुणी जास्तीचं काही करायचंच नाही का? घड्याळाचा काटा सहावर आला की हातातलं इंजेक्शन खाली ठेवून नर्सने निघून जायचं?

नाही. जास्तीच्या कामावर जग चालतं हे मला मान्य आहे, आणि मराठीत त्याला फार सुंदर शब्द आहे: हौस. इंग्रजी 'एक्स्ट्रा माइल'ने वेठ आणि हौस एकाच पोत्यात भरल्यात. मराठीत त्या कधीच एकत्र नांदल्या नाहीत. वेठ मारतात, म्हणजे कसंतरी उरकतात. हौसेला मोल नसतं. मंडईत भाजीवाली मेथीची जुडी देते, पैसे घेते आणि मग वर चार मिरच्या टाकते. त्या चार मिरच्यांनी पुढची दहा वर्षं मी तिचीच गिऱ्हाईक राहते. पण उद्या मंडईने पाटी लावली की 'प्रत्येक विक्रेत्याने वर चार मिरच्या देणे बंधनकारक', तर मिरच्या तितक्याच राहतील आणि त्यातलं सगळं जाईल. शिवाय त्या मिरच्यांची किंमत ती मेथीत धरील, आणि ते रास्तच असेल.

गावात इर्जिक असायची. एखाद्याची नांगरट अडली, बैल आजारी पडला, घरचा माणूस अंथरुणाला खिळला, तर आजूबाजूचे शेतकरी आपापले नांगर-बैल घेऊन एक दिवस येत आणि सगळं रान नांगरून देत. मजुरी नाही, संध्याकाळी जेवण. हा खरा दुसरा मैल. पण त्याचा व्याकरणाचा भाग बघा: इर्जिक अडलेल्या माणसासाठी असते, तिचा दिवस ठरलेला असतो, ती एका दिवसात संपते, आणि आज ज्याच्या शेतावर झाली तो उद्या नांगर घेऊन दुसऱ्याच्या बांधावर उभा असतो. सावकाराच्या शेतावर दरवर्षी इर्जिक होत असेल तर तिला इर्जिक म्हणत नाहीत.

नर्सचं इंजेक्शनही याच हिशेबातलं. समोर अडलेलं माणूस आहे म्हणून ती थांबते. पण वॉर्डात दोन जागा वर्षभर रिकाम्या ठेवायच्या आणि तिच्या थांबण्यावर रोज रात्रीची पाळी चालवायची, हे काम तिच्या चांगुलपणाने होत नाही. चांगुलपणाची लूट करून होतं. आणि मग तिला वर्षातून एकदा शाल-नारळ.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिस काढणाऱ्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एका बलाढ्य अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला, आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही विचारलं. त्यावर विनोद भरपूर झाले. मला दोन्हींतल्या पहिल्या म्हणण्याला गंभीर उत्तर द्यावंसं वाटतं, कारण मूर्ती स्वतः तसे राबले असणार यावर माझा विश्वास आहे. पण कंपनी काढणाऱ्याचा दुसरा मैल त्याच्या स्वतःच्या शेतातून जातो. पीक आलं तर त्याच्या खळ्यावर येणार. त्याच्याकडे सालाने असलेल्या गड्याने त्याच उमेदीने तितकंच चालावं अशी अपेक्षा करायची तर पिकात वाटा द्यावा लागतो. काही कंपन्यांनी शेअर्स दिले, आणि तिथली माणसं खरोखर त्या उमेदीने राबली. बाकीच्यांनी फक्त पोस्टर दिलं.

शिवाय ७० तासांचा साधा हिशेब: सहा दिवस रोज ११ तास ४० मिनिटं. त्यात वाकड ते हिंजवडी धरलेलं नाही. एवढा वेळ घराबाहेर राहू शकणाऱ्या माणसाच्या घरी कुणीतरी डबा भरतं, पोराला क्लासला सोडतं, सासऱ्यांच्या गोळ्या आणतं. तिचा पहिला मैल कुणी मोजत नाही म्हणून त्याचा दुसरा शक्य होतो. मी ज्या ऑफिसात पूर्वी होते तिथे पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. सव्वासहाला लॅपटॉप मिटणारी आमची एक सहकारी होती. दिवसभरात तिच्याइतकं नेटकं काम कुणाचं नसे. तिच्या फॉर्मवर सलग तीन वर्षं 'कमिटमेंट वाढवावी' असा शेरा आला. आठ वाजेपर्यंत बसणारे आम्ही मधले दोन तास चहाच्या टपरीवर होतो, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ती गेली. आम्हाला चार मिळाले.

कायदा इतका मुका नाही. दुकाने आणि आस्थापनांच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायला सांगितलं. कारखान्यात तर ही दुप्पट १९४८ पासून आहे, म्हणूनच त्या ऑपरेटरला जास्तीचं काम म्हटल्यावर पहिल्यांदा ओटी आठवली. आस्थापनांच्या कायद्यात मात्र एक खिडकी उघडी आहे: व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. मग सगळ्यांनाच 'मॅनेजर' करून टाकायचं. हाताखाली एक माणूस नसलेले मॅनेजर पुण्यात किती आहेत ते कुठल्याही लिफ्टमध्ये विचारावं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे ९ चे १२ तास, आस्थापनांत ९ चे १० आणि ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला १४४ तास करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल असं आश्वासन सोबत होतं. संमतीबद्दल वर फेब्रुवारीचा दाखला दिलाच आहे.

माझं मागणं क्रांतीचं नाही. अप्रेझलच्या फॉर्मवरून तो रकाना काढा. ठरलेलं काम चोख करणाऱ्याला पूर्ण गुण आणि पूर्ण वाढ द्या; त्यापलीकडे कुणी हौसेने काही केलं तर कृतज्ञता वाटू द्या, तिची अपेक्षा लिहून ठेवू नका. जास्तीचं काम हवंच असेल तर त्याला ओटी म्हणा आणि दर लावा. आणि मॅनेजर या शब्दाची कायद्यात नीट व्याख्या होऊ द्या, म्हणजे निम्म्या शहराला आपण कामगार आहोत हे कळेल. चार माणसांच्या दुकानात एवढे हिशेब कोण ठेवणार, असं एक ओळखीचे दुकानदार मला म्हणाले. त्यांच्याकडे उधारीची वही आहे आणि त्यात २०१४ सालचे अडीचशे रुपयेही लिहिलेले आहेत.

त्या फलकाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी शेवटी 'ठरलेलं काम चोख, अडलेल्याला हात' असं लिहून दिलं. मला ते आवडलं होतं. मुख्य कचेरीने त्याचं कुणाकडून तरी परत इंग्रजी करून घेतलं आणि मेल आली: छान आहे, पण यात 'एक्स्ट्रा' कुठे आहे? तीन मेलांनंतर तडजोड झाली. पाच वाक्यं मराठीत, चौथं इंग्रजीच, देवनागरीत लिहून. 'वी गो द एक्स्ट्रा माइल.' पंचिंग मशीनच्या बरोबर वर.

गेल्या दिवाळीआधी दुसऱ्या एका कामासाठी पुन्हा तिथे गेले होते. दुसरी पाळी सुटायची वेळ होती. सुपरवायझर लाइनवर येऊन काहीतरी सांगून गेला, दोघेतिघे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मागून एका पोराने हेल्मेट काढता काढता ओरडून विचारलं, "ओ साहेब, ओटी आहे का माइल?"

साहेब न वळता म्हणाले, "माइल." आणि त्यातल्या दोघांनी बॅगा उचलल्या.